पेन्सिलचं चित्र आर्ट क्विल्टमध्ये कसं आणायचं? रेघांचं काय करायचं?

रेघोटी:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी चित्रं काढते आणि मशीनवर क्विल्टही, म्हणजे थर एकत्र शिवलेली गोधडीसारखी कापडं, करते, पण दोन्हीची गाठ कधी पडली नाही, क्विल्ट म्हणजे चौकोन, त्रिकोण, पट्ट्या आणि सरळ टिपा, चित्र म्हणजे कागद. आता माझंच एक पेन्सिलचं चित्र कापडावर आणायचं फार मनात आहे. उभा ए-फोर कागद आहे, एक म्हातारी बाई बसलीये, हनुवटीखाली हात, डोळे अर्धवट मिटलेले, केस मागे ओढून बांधलेले, उजेड डावीकडून येतोय. सगळं चित्र रेघांवरच उभं आहे, सावलीसुद्धा एकमेकींवर टाकलेल्या बारीक तिरक्या रेघांची, घासून काळं केलेलं कुठेच नाही. भिंतीवर लावता येईल असं साधारण ६० बाय ९० सेंटीमीटर करायचंय.

अडलंय कुठे, तर चित्र समोर ठेवून बघितलं की कुठे कापायचं तेच कळत नाही. रेघा तर हजार आहेत, त्यातली तुकड्याची कड कोणती धरायची? आणि दुसरं, एवढ्या सुरकुत्या कापडात येतात का, की त्या सोडून द्यायच्या? त्या गेल्या तर ती बाईच राहणार नाही असं वाटतं. मोठं कसं करायचं, कापड चिकटवायचं की कडा दुमडून हाताने शिवायचं, तेही सांगा. मशीनला कापड पुढे ढकलणारे दात खाली करायची सोय आहे, फ्री मोशनचा, म्हणजे कापड हाताने हवं तसं फिरवत शिवायचा, फूट पण आहे, साध्या नागमोडी टिपा येतात मला.

निळा_दोरा:
रेघोटी, चित्राचं वर्णन वाचूनच हात शिवशिवले. मी चेहरेच जास्त करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कापायला घ्यायच्या आधी एक काम करा, चित्रावर ट्रेसिंग पेपर टाका आणि प्रत्येक रेघेला विचारा की तू इथे काय करतेस. पेन्सिलच्या चित्रात रेघ तीन वेगळी कामं करते आणि कागदावर ती तिन्ही सारखीच दिसतात म्हणून आपण गोंधळतो. एक रेघ असते कडेची, म्हणजे गाल संपला आणि मागचं सुरू झालं, हाताची बोटं संपली आणि हनुवटी सुरू झाली. ही रेघ कापडात काढावीच लागत नाही, दोन वेगळ्या रंगांचे तुकडे शेजारी आले की ती आपोआप दिसते. दुसरी रेघ सावलीची, तुमच्या त्या तिरक्या रेघा, त्या एकेकट्या काहीच नाहीत, सगळ्या मिळून एक करडा डाग तयार करतात, तर त्या डागाची बाहेरची हद्द तेवढी काढून घ्यायची आणि तिथे गडद कापडाचा तुकडा टाकायचा. तिसरी रेघ म्हणजे खरोखरची रेघ, जी दुसऱ्या कशाचीही कड नाही आणि सावलीही नाही, कपाळावरची आठी, पापण्या, सुटलेले केस, ओठाच्या कोपऱ्यातली घडी. ही दोऱ्याची. सुरकुत्या तुम्हाला सोडायच्या नाहीयेत तर सोडूच नका, फक्त त्या कापडात शोधू नका, त्या मशीनच्या टिपेने येणार आहेत आणि पेन्सिलपेक्षा छान येतील कारण टीप मारली की कापड तिथे खरोखर दबतं, म्हणजे सुरकुतीला खोली मिळते, कागदावर ती नव्हती.

हे तीन प्रकार तीन रंगांच्या स्केचपेनांनी ट्रेसिंग पेपरवर काढा. काढून झालं की मूळ चित्र बाजूला ठेवा आणि नुसता ट्रेसिंग पेपर बघा, चेहरा ओळखू येतोय का. येत नसेल तर बहुतेक सावलीच्या हद्दी चुकल्यात, कडा नाही. माणूस ओळखू येतो तो सावल्यांच्या आकारांवरून, विशेषतः डोळ्यांची खोबण, नाकाखालची सावली आणि गालाचं हाड, हे तीन नीट आले तर बाकी थोडं इकडेतिकडे चालतं.

सावलीचे किती टोन, म्हणजे गडद-फिकटपणाच्या पायऱ्या, ठेवायचे, तर चेहऱ्याला चार पुरतात, पाच म्हणजे श्रीमंती. चित्राचा फोटो काढा, फोनमध्ये काळापांढरा करा आणि पोस्टराइझ नावाचा फिल्टर बऱ्याच अ‍ॅपमध्ये असतो तो लावा, चार पायऱ्यांवर ठेवा, सगळ्या तिरक्या रेघा वितळून सपाट डाग होतील. पण फिल्टरने दिलेलं जसंच्या तसं कापायला घेऊ नका, त्याला नाक काय आणि कान काय कळत नाही, तो उगाच गालावर बेटं तयार करतो. बेटं पुसायची, जवळजवळचे डाग जोडून टाकायचे, आणि एक सेंटीमीटरपेक्षा लहान तुकडा होत असेल तर तो तुकडा नाही, ते दोऱ्याचं काम, असं समजायचं.

कापडाचं म्हणाल तर रंग दुय्यम, टोन पहिला. घेतलेली सगळी कापडं एका ओळीत मांडा आणि काळापांढरा फोटो काढा, दोन कापडं फोटोत सारखीच करडी दिसली तर ती शेजारीशेजारी टाकल्यावर कड दिसणार नाही, मग एक लाल आणि एक हिरवं का असेना. आणि टोन बरोबर असेल तर चेहरा जांभळा निळा केलात तरी माणूसच दिसतो. बिसा बटलर या अमेरिकन कलाकाराची पोर्ट्रेट क्विल्ट बघा, जुन्या फोटोंवरून करते, चेहरे निळे, जांभळे, केशरी, सगळं नुसत्या कापडांच्या थरांनी, आणि माणसं इतकी जिवंत की आपल्याकडे बघतायत असं वाटतं. छापील कापड वापरायला भिऊ नका, फक्त छाप बारीक हवा आणि त्याच्यात गडद आणि फिकट दोन्ही टोकं नकोत, नाहीतर गालावर ठिपके उठतात.

मोठं करायला, ए-फोर म्हणजे २१ बाय २९.७, तिप्पट केलं की ६३ बाय ८९, तुमच्या मापाला बरोबर बसतंय. पोस्टर प्रिंट हा पर्याय प्रिंटरच्या सेटिंगमध्ये असतो, नऊ-बारा पानांवर छापून चिकटवा. प्रिंटर नसेल तर चौकटी आखा, चित्रावर २ सेंटीमीटरच्या आणि मोठ्या कागदावर ६ च्या, आणि एकेक घर उतरवून काढा. मला स्वतःला चौकटीचीच पद्धत आवडते, हाताने उतरवताना आकार आपोआप सोपे होतात. मोठं करायचं ते वर सांगितलेला ट्रेसिंग पेपर, मूळ चित्र नाही, नाहीतर त्या तिरक्या रेघा तिप्पट जाड होऊन परत छळतील.

उलटसुलट:
निळा_दोरा यांनी चित्राचं सगळं सांगितलंच आहे, मी कापायचं आणि चिकटवायचं सांगतो.

फ्युजिबल वेब, म्हणजे एका बाजूला कागद असलेली आणि इस्त्रीने चिकटणारी जाळी, तिच्यावर आकार काढाल तो कापडाच्या उलट बाजूला लागतो, म्हणून तुकडा सरळ केला की आरशातल्यासारखा उलटा होतो. चेहऱ्यात हे फार महाग पडतं कारण उजेड डावीकडून उजवीकडे जाईल. त्यामुळे मोठं केलेलं चित्र काळ्या मार्करने गिरवून कागद पालथा घाला, खिडकीच्या काचेवर किंवा लाइट बॉक्सवर ठेवा, आणि या पालथ्या बाजूवरून वेबच्या कागदावर आकार काढा. पालथ्या बाजूवर मोठ्या अक्षरात 'उलटं' लिहून ठेवा, कामाच्या मध्ये शोधत बसायला नको.

दोन तुकडे जिथे भेटतात तिथे नुसती कडेला कड भिडवायची नाही, खालच्या तुकड्याला ४-५ मिलिमीटर जास्तीचं कापड ठेवायचं जे वरच्याच्या खाली जाईल. कोण खाली कोण वर हे आधीच ठरवून चित्रावर लिहा. साधा नियम, जे डोळ्यांना जवळ आहे ते वर. तुमच्या चित्रात हात हनुवटीच्या पुढे आहे, मग मान सगळ्यात खाली, तिच्यावर चेहरा, त्याच्यावर हात, आणि बोटांमधल्या फटीतली गडद सावली ही वेगळी कापून घालायची नाही, ती गडद कापडाचा एकच मोठा तुकडा बोटांखाली टाकला की फटीतून आपोआप दिसते. प्रत्येक तुकड्याला नंबर, टोनचं अक्षर आणि वरची दिशा दाखवणारा बाण. चेहऱ्याचे तुकडे नुसते बघून कुठले आहेत ते कळत नाहीत.

जुळवणी थेट पार्श्वभूमीवर करू नका. टेफ्लॉनची शीट किंवा बेकिंगचा सिलिकॉन लावलेला कागद घ्या, तो पारदर्शकसर असतो, त्याच्या खाली सरळ बाजूचं चित्र ठेवा आणि वर तुकडे मांडून हलकी इस्त्री फिरवा, एकमेकांना चिकटतील पण शीटला नाही. थंड झालं की सगळा चेहरा एका तुकड्यासारखा उचलता येतो, मग पार्श्वभूमीवर हवा तिथे ठेवून बघा, थोडा डावीकडे, थोडा वर, पटलं की मगच पक्की इस्त्री. इस्त्री घासायची नाही, उचलून दाबायची.

आणि कापड आधी धुवून घ्याच, लाल, काळं, गडद निळं तर हमखास. शेवटी क्विल्ट ओला करून सरळ करायचा असतो, तेव्हा रंग सुटला तर चेहऱ्यावर ओघळ येतो आणि तो जात नाही. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, वेब नीट धरत नाही.

धावती_सुई:
मला थोडं वेगळं सुचवायचंय. रेघोटीताई, तुम्ही लिहिलंय की सगळं चित्र रेघांवरच उभं आहे. मग ते तोडून चार टोनचे तुकडे कशाला करायचे? निळा_दोरा म्हणतात ते बरोबरच आहे, पण त्याने जे बनेल ते दुसरंच चित्र असेल, तिरक्या रेघांची जी थरथर असते, एकावर एक टाकलेल्या रेघांमधून कागद डोकावतो ना, ते सगळं सपाट डागांमध्ये जातं. तुमची रेघच जर चांगली असेल तर तिलाच ठेवा.

एकच अखंड कापड घ्या, फिकट, साधं, घट्ट विणीचं. खाली बॅटिंग, म्हणजे मधला भरावाचा थर, त्याच्या खाली अस्तर. चित्र कापडावर उतरवून घ्या आणि नुसत्या दोऱ्याने काढा, सावल्याही तिरक्या टिपांच्याच. दोऱ्याच्या जाडीने पेन्सिलचा दाब मिळतो, नंबर जितका लहान तितका दोरा जाड, म्हणजे ४० चा दोरा ५० पेक्षा जाड आणि ६० चा बारीक. दूरच्या, फिकट रेघांना करडा ६०, चेहऱ्याच्या मुख्य रेघांना गडद ४०, आणि दोन-तीन ठिकाणी, पापणीची कड, नाकपुडी, ओठांमधली फट, तिथे तीच रेघ दोनदा-तीनदा. काळा दोरा शेवटपर्यंत बाजूला ठेवा, गडद करडा आणि गडद तपकिरी पुरतो, काळा फक्त त्या दोन-तीन ठिकाणी.

हाताने करायचं असेल तर अजूनच सुंदर, धावदोऱ्याच्या तुटक रेघेतून मधलं कापड दिसत राहतं आणि सावली जड होत नाही. वेळ लागतो, खूप लागतो. पण म्हाताऱ्या चेहऱ्याला तो शोभतो असं मला मनापासून वाटतं.

निळा_दोरा:
धावती_सुई, तुमचं म्हणणं पटतं, नुसत्या दोऱ्याचं काम मलाही खूप आवडतं, पण ६० बाय ९० वर आणि भिंतीवर, हे विसरू नका. कागद आपण हातभर अंतरावरून बघतो, क्विल्ट खोलीच्या त्या टोकावरून बघितला जातो. तेवढ्या लांबून ६० चा करडा दोरा फिकट कापडावर दिसतच नाही, नुसतं काहीतरी मळकट दिसतं. लांबून चेहरा दिसायला डाग लागतात, जवळ आल्यावर रेघा. मला वाटतं दोन्ही लागतील, खाली तीन-चार टोन अगदी जवळजवळचे, म्हणजे फार टोकाचे नाहीत, आणि वर तुमच्या पद्धतीच्या तिरक्या टिपा ज्या तुकड्यांच्या कडा ओलांडून जातील. कड ओलांडणं महत्त्वाचं. प्रत्येक तुकड्याच्या कडेकडेनेच टीप मारली की चेहरा रंग भरायच्या पुस्तकासारखा दिसतो, आणि टिपा कडेवरून आरपार गेल्या की दोन टोन एकमेकांत मिसळतात.

रेघोटी:
बाप रे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी, खूप आभार! तीन प्रकारच्या रेघा हे वाचून लगेच ट्रेसिंग पेपर घेऊन बसले आणि खरंच, कडेच्या रेघा मोजक्याच निघाल्या, बाकी सगळी सावली होती. दोन्ही एकत्र करायचं पटतंय.

आता दोन शंका. एक म्हणजे डोळे. अर्धवट मिटलेत, तिप्पट केल्यावरही एक डोळा चार-साडेचार सेंटीमीटरच होतो, त्यात पापणी, बुबुळाचा जरासा भाग, खालची पिशवी, हे सगळं कापडात कसं बसवू? आणि दुसरं, गालावरची अगदी हलकी सावली कापडाच्या तुकड्याने फार ठसठशीत होतेय, तिथे थोडा फॅब्रिक पेंट वापरला तर चालतं का? मनाला उगीच वाटतं की रंग लावला म्हणजे मग क्विल्ट कसला, ते चित्रच झालं.

निळा_दोरा:
डोळा आधी, वेगळ्या कापडावर, वेगळा करा. थेट चेहऱ्यावर नको. तळहाताएवढं कापड घ्या, खाली स्टॅबिलायझर, म्हणजे कापड ताठ धरणारा आधाराचा थर, लावा, त्यावर वरची पापणी एक तुकडा, खालची पिशवी एक तुकडा, मधला गडद भाग एक, एवढेच तीन, बाकी दोऱ्याने. अर्धमिटल्या डोळ्यात पांढरा भाग जवळजवळ दिसत नाही आणि जो दिसतो तो पांढरा नसतोच, पापणीच्या सावलीत असतो, करडा घ्या, शुभ्र पांढरं कापड टाकलंत तर ती बाई एकदम दचकलेली दिसेल. उजेडाचा ठिपका टाकायचा तर एकच, उजेडाच्या बाजूला, दोन-तीन टाक्यांचा. दोन-तीन डोळे करून बघा, त्यातला आवडेल तो कापून चेहऱ्यावर बसवा. दुसरा डोळा त्याच बैठकीत करा, दोऱ्याचा ताण आणि हात तोच राहतो.

रंगाचं, तर बिनधास्त वापरा. फेथ रिंगगोल्ड यांनी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने चित्रं रंगवली, त्याला कापडाच्या जोडलेल्या किनारी लावल्या, क्विल्ट केलं, वर गोष्टही लिहिली, आणि ती स्टोरी क्विल्ट म्हणून म्युझियममध्ये आहेत. त्याच्या कितीतरी आधी हॅरिएट पॉवर्स, गुलामगिरीत जन्मलेली बाई, तिने नुसती कापडं कापून आणि शिवून माणसं, प्राणी, तारे असलेली चित्रं केली, तिचे दोन क्विल्ट शिल्लक आहेत, १८८६ च्या सुमाराचा स्मिथसोनियनमध्ये आणि नंतरचा बॉस्टनच्या म्युझियममध्ये. म्हणजे चित्र आणि क्विल्ट यांच्यात भिंत आधीपासूनच नव्हती. १९७९ मध्ये ओहायोत क्विल्ट नॅशनल सुरू झालं तेच मुळी अशा कामाला, पलंगावर न टाकता भिंतीवर लावायच्या क्विल्टला, जागा मिळावी म्हणून.

फक्त रंग पातळ, थर एकदम हलका, आणि आधी त्याच कापडाच्या तुकड्यावर लावून, वाळवून, डबीवर लिहिलं असेल तशी इस्त्री फिरवून बघा. जाड थर दिला तर कापड कडक होतं आणि सुई गेली की तिथे भोक दिसत राहतं. नाहीतर रंगाऐवजी गालावर बारीक जाळीचं कापड, ट्यूल, करड्या रंगाचं, एक थर टाका, सावली हलकी येते आणि वरून टिपा मारल्या की जाळी दिसत नाही. ट्यूलला गरम इस्त्री लावू नका, वितळते.

जाड_अस्तर:
सगळं छान चाललंय, पण क्विल्टिंगबद्दल, म्हणजे सगळे थर टिपांनी एकत्र शिवण्याबद्दल, कोणी फारसं बोललं नाही, आणि चेहऱ्याच्या क्विल्टमध्ये तिथेच सगळं वाकडं होतं, म्हणून लिहिते.

दाट टिपा कापड आत ओढतात. चेहऱ्यावर तुम्ही तिरक्या टिपांची गर्दी करणार आणि मागची पार्श्वभूमी मोकळी ठेवणार, तर चेहरा आकसेल आणि कडा लाटांसारख्या फुगतील. दोन उपाय, दोन्ही करा. पहिला, चेहऱ्यावरचं दोऱ्याचं बरंचसं काम बॅटिंग लावायच्या आधी, फक्त स्टॅबिलायझरवर करून घ्या, आणि बॅटिंग लावल्यावर फक्त मुख्य रेघा, म्हणजे सुरकुत्या, नाक, हाताच्या कडा. दुसरा, पार्श्वभूमीवरही बऱ्यापैकी दाट टिपा हव्यात, चेहऱ्याएवढ्या नाही पण मोकळं रान सोडायचं नाही. साध्या समांतर रेघा चालतील, एक सेंटीमीटर अंतराने. आणि सगळ्या बाजूंनी ७-८ सेंटीमीटर जास्तीचं कापड ठेवा, शेवटी मापात कापायचं, आधी नाही.

सुरकुत्या उठून दिसायच्या असतील तर बॅटिंग दोन थरांचं, खाली कॉटनचं पातळ, त्याने क्विल्ट भिंतीवर सपाट राहतो, आणि वर लोकरीचं, ते टिपांच्या मध्ये फुगतं आणि गालाला गोलाई येते. टाचताना मधून बाहेर जायचं, वाकड्या सेफ्टी पिना चार बोटांच्या अंतराने, आणि चेहऱ्याच्या मधोमध पिन नको, वेबने चिकटवलेल्या कापडात भोक राहतं. सुई ९०/१४ ची टॉपस्टिच, तिचं नेढं मोठं असतं, जाड दोरा घासून तुटत नाही. मशीन हळू आणि हात त्याहून हळू. टीप लांबलांब येत असेल तर हात जास्त वेगाने जातायत. बॉबिनमध्ये ६० चा बारीक दोरा, रंग वरच्या दोऱ्याच्या जवळचा, म्हणजे ताण थोडा बिघडला तरी वर ठिपके दिसत नाहीत.

खुणा करताना, इस्त्रीने पुसला जाणारा पेन असतो ना, त्याच्या रेघा थंडीत परत दिसू शकतात, आणि पाण्याने जाणाऱ्या पेनवर इस्त्री फिरली तर उलट त्या पक्क्या होतात. चेहऱ्यावर तर मी पेन लावतच नाही, सुरकुत्या पातळ कागदावर काढते, कागद वर टाचून त्याच्यावरूनच टीप मारते आणि मग फाडून काढते.

कडेला बाइंडिंगची, म्हणजे कडेवर दुमडून शिवलेल्या पट्टीची, चौकट नको वाटत असेल, आणि चित्राला ती बऱ्याचदा नकोच असते, तर फेसिंग करा, पट्टी सरळ बाजूवर शिवून पूर्ण मागे वळवायची, समोरून काहीच दिसत नाही. मागे वरच्या बाजूला दांडी घालायला १० सेंटीमीटरची नळी, ती शिवताना मागच्या बाजूला जरा सैल ठेवा म्हणजे दांडीचा फुगवटा समोर येणार नाही.

रेघोटी:
सगळं उतरवून घेतलं. एकच विचारते, बॅटिंगच्या आधी चेहऱ्यावर दोरकाम केलं तर स्टॅबिलायझर नंतर काढायचा की तसाच ठेवायचा? आणि हाताच्या मागे हनुवटी आहे तिथे एवढे थर होतात, मान, चेहरा, सावली, हात, सुई जाईल का?

उलटसुलट:
थर कमी करता येतात. जुळवलेला चेहरा पालथा घाला आणि हाताच्या खाली लपलेली मान आणि हनुवटी मागून कात्रीने कापून टाका, कडेला एक सेंटीमीटर ठेवून. फक्त बोटांमधल्या सावलीचा तुकडा ठेवायचा. हे पार्श्वभूमीवर चिकटवायच्या आधी करायचं, नंतर कात्री जाणार नाही. त्याच ठिकाणी मागे पार्श्वभूमीचं कापडही आहे, दोरकाम झाल्यावर तेही चेहऱ्यामागून कापून टाकता येतं, फिकट कापडाखाली गडद पार्श्वभूमी असेल तर कापाच, नाहीतर काळपट छाया वर दिसते. स्टॅबिलायझर फाडून निघणारा असेल तर जितका सहज निघेल तितका काढा, दाट टिपांमधला ओढत बसू नका, टाके सैल होतात, तो आत राहिला तरी भिंतीवरच्या क्विल्टला काही बिघडत नाही.